तळ्याकाठी दरी अंथरायची तर

मे महिन्यात रात्री आठ वाजता सुरतेतल्या नवागामच्या कुठल्याही चाळीत भिंतीला हात लावून पाहा. दिवसभर प्यालेलं ऊन भिंत तेव्हा ओकत असते. पंखा तीच हवा पुन्हा अंगावर फेकतो, पोरं एका मोबाईलवरून भांडतात, बायका उंबऱ्याशी बसून साड्यांचे धागे कापतात नाहीतर स्टोन चिकटवतात. त्याच वेळी शेजारच्या डिंडोलीत, छठपूजेमुळे ज्याला सगळे छठ सरोवर म्हणतात त्या तळ्याकाठी, समुद्राच्या अंगाने सुटलेला वारा असतो. कोणी फेऱ्या मारतं, कोणी बाकावर बसून रील पाहतं. ‘तठे काय शे?’ असं घरात विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर ‘काही नाही’ असं येईल.

काही नाही हे खरं आहे, पण काही करण्यासाठी फार लागतही नाही. नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना या पट्ट्यात जळगाव-धुळे-नंदुरबारहून आलेली इतकी घरं आहेत की प्रत्येक गल्लीत एक भजनी, एक ढोलकीवाला आणि अहिराणीत तासभर हसवेल असा एक तरी आबा सापडतोच. गल्लीगल्लीत गणेश मंडळं आहेत, आणि त्यांच्याकडच्या दऱ्या, दिव्यांच्या माळा, स्पीकर अनंत चतुर्दशीनंतर वर्षभर कुणाच्या तरी माळ्यावर पडून असतात. म्हणजे कलाकार आहेत, सामान आहे, जागा आहे. नाही तो ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि दरी अंथरायला वेळेवर पोचणारी तीन माणसं. ही तीन माणसं ज्या गल्लीत निघतील त्या गल्लीसाठी हा लेख.

उन्हाळ्यात संध्याकाळी एकत्र बसायची रीत आपल्याला नवी नाही. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेची सुरुवात १८७५ सालची, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराची, आणि ती अजून एप्रिल-मेच्या संध्याकाळीच होते. अहमदाबादच्या कांकरिया तलावावर २००८पासून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कार्निव्हल भरतो. त्यामागे महापालिकेची यंत्रणा आणि तिजोरी उभी असते, आणि थंडीही मदतीला असते. आपल्याला कार्निव्हल करायचा नाही. दोनशे माणसांनी पाऊण तास एका जागी बसून हसावं, गावं, ऐकावं, एवढंच करायचं आहे. त्याहून मोठं करायला गेलात की मंडप आला, मंडपामागून वर्गणी आली आणि वर्गणीमागून भांडण आलंच.

आधी वेळेचं पाहू, कारण सुरतेत बहुतेक बेत वेळेवरच फसतात. लूमखात्याची पाळी बारा तासांची. दिवसपाळीचा माणूस सात-आठला सुटतो, आंघोळ-जेवण करून साडेआठच्या आत मोकळा होत नाही. दुसरीकडे, ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. मधे उरतो तो साडेआठ ते पावणेदहा एवढाच काळ. मुख्य कार्यक्रम त्यातच बसवायचा. पाहुण्यांची वाट पाहत अर्धा तास घालवलात, तर ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला त्या कारागिराला दोनच गाणी मिळतील. तळ्याकाठच्या बागेचं फाटक किती वाजता बंद होतं आणि आत जायला काही शुल्क आहे का, ते दारावरच्या पाटीवर वाचून घ्या. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

मुलांचं मात्र आधी उरका. मेच्या मध्यावर सुरतेत सूर्य सात-दहाच्या सुमारास मावळतो आणि नंतर वीस-पंचवीस मिनिटं खेळण्यापुरता उजेड राहतो. साडेसहाला पोरं जमली की त्यांना तासभर मिळतो. साडेसहाच्या आत बोलावूच नका. फरशी आणि दगडी कठडे तोवर तापलेले असतात आणि सुरतेची दमट हवा घाम सुकू देत नाही. धुळ्याचा कोरडा त्रेचाळीस अंशांचा उन्हाळा सोसलेला माणूस इथल्या अडतीस अंशांना हसतो आणि मग चक्कर येऊन बसतो. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही, हे त्याला गावाकडे कधी शिकावं लागलेलं नसतं.

दुसरी अडचण सुट्टीची. गुजरातेतल्या शाळांची उन्हाळी सुट्टी साधारण पस्तीस दिवसांची. २०२५ साली ती ५ मे ते ८ जून होती. पण सुट्टी लागली की अर्धं नवागाम भुसावळकडच्या गाडीत बसतं. लग्नं, शेत, आजी, आंबे. मेच्या मध्यावर मोठा बेत ठरवलात तर गाणारीही गावी आणि ऐकणारीही गावी. म्हणून दोन टप्पे करा. एक एप्रिलच्या उत्तरार्धापासून सुट्टी लागेपर्यंत, दुसरा जूनच्या पहिल्या आठवड्यापासून पाऊस येईपर्यंत. मधल्या दिवसांत मागे राहिलेल्यांसाठी छोटी बैठक चालू ठेवा. गावी जाणं ज्यांना परवडलेलं नसतं तीच माणसं मागे राहिलेली असतात, त्यांची संध्याकाळ रद्द करू नका.

पहिल्या टप्प्याचा मानाचा दिवस आखाजीचा. अक्षय्य तृतीया सगळ्या महाराष्ट्रात असते, पण खानदेशात ती दिवाळीच्या तोडीची. सालदाराचं साल त्या दिवशी सुरू होतं, पितरांसाठी घागर भरतात, खापरावरच्या मांड्यांबरोबर आमरस होतो आणि सासुरवाशिणी माहेरी येतात. गौराईची गाणी आणि झोके ही आखाजीची खरी करमणूक, आणि ती बायकांची, बायकांनी केलेली, बिनपैशाची. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनीही आखाजीवर कविता केली आहे. सुरतेत राहणाऱ्या ज्या बाईला खात्यातून रजा मिळत नाही किंवा भाड्याला पैसे पुरत नाहीत, तिची आखाजी स्वयंपाकघरातच संपते. तिच्यासाठी तळ्याकाठी दोन तास राखून ठेवा.

ते कसं करायचं? गल्लीतल्या पन्नाशी-साठीच्या बायकांना आठ दिवस आधी भेटा. गाणी त्यांना येतात. पण ‘कार्यक्रम करा’ म्हटलं की त्या मागे सरतात, आणि माईक हातात दिला तर गाणंच विसरतात. माईक देऊच नका. गोल बसवा, एकीने सुरू करावं, बाकीच्यांनी उचलावं. हे गाणं मुळातच असं म्हणायचं असतं, त्याला समोर प्रेक्षक लागत नाही. मुलींना कडेला बसू द्या, मोबाईलवर आवाज भरून घेऊ द्या. तिसऱ्या गाण्यापर्यंत त्या आपणहून आत सरकतात. झोक्याचं मात्र सांभाळा. महापालिकेच्या बागेतल्या झाडाला दोर बांधायचा तर परवानगी लागेल, आणि कोवळ्या फांदीला मोठ्या बाईचा झोका पेलणारही नाही. बागेत मुलांचे झोपाळे असतील तर माळी किंवा रखवालदाराशी बोलून पाहा. मोठ्यांचं वजन घेतील असे ते असतील तरच तासभर मागून घ्या. नसतील तर झोका गल्लीतच, पक्क्या हुकावर बांधा आणि तळ्यावर फुगड्या घाला.

आखाजीचा पत्त्यांचा डाव तेवढा तळ्याकाठी आणू नका. सार्वजनिक जागी पैशावर खेळणं गुन्हा आहे आणि ‘साहेब, आखाजी आहे’ हे कारण गुजरात पोलिसांच्या गळी उतरेलसं वाटत नाही.

रोजच्या बैठकीसाठी माझी पहिली शिफारस गोष्टींची आहे. ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्याची रचनाच अशी की श्याम रोज रात्री जमलेल्या मंडळींना आईची एक आठवण सांगतो. प्रकरणांना नाव ‘रात्र’, आणि अशा रात्री बेचाळीस. म्हणजे उघड्यावर, रात्री, दरीवर बसून ऐकण्यासाठीच लिहिल्यासारखं पुस्तक. गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, आणि ताप्ती व्हॅलीची रेल्वे १९००मध्ये सुरतेहून पहिल्यांदा गेली ती अमळनेरपर्यंत. तुमच्या दरीवरच्या निम्म्या माणसांना अमळनेर ओळखीचं असेल. गुरुजींच्या निधनाला साठहून अधिक वर्षं झाल्यामुळे पुस्तक कॉपीराइटमधून मुक्त आहे, जाहीर वाचायला कुणाची परवानगी नको.

वाचणारा रोज बदला. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेतली सातवी-आठवीची मुलं छान वाचतात. त्यांना प्रकरण दोन दिवस आधी द्या आणि घरी मोठ्याने वाचून यायला सांगा. एका बैठकीला एकच रात्र, पंधरा-वीस मिनिटं. वाचन संपलं की लगेच उठू नका, तिथे एखाद्या आजीला विचारा, ‘तुमच्या आईने असं काय केलं होतं?’ पुढची वीस मिनिटं पुस्तकाहून रंगतात. फक्त शिक्षकांना आवरा. गोष्ट संपल्यावर तात्पर्य सांगायची त्यांची सवय सुट्टीतही सुटत नाही, आणि तात्पर्य सुरू झालं की पोरं उठतात.

आता सिनेमा. उघड्यावर सिनेमा म्हटलं की गर्दी हमखास, पण नवा सिनेमा डाउनलोड करून चारचौघांत दाखवणं बेकायदा आहे. फुकट दाखवता म्हणून ते माफ होत नाही. आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो. तेव्हा मागे जा, अगदी मागे. दादासाहेब फाळक्यांचा १९१९चा ‘कालिया मर्दन’ घ्या. नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीचा मूकपट. त्यात बाळकृष्ण झाली आहे फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. पाऊण तासाच्या आसपासचा हा सिनेमा आज इंटरनेटवर पाहायला मिळतो. त्यातलं शेवटचं नागाशी झुंजणं पाण्यातलं आहे, आणि तेही मागे खरं पाणी असताना पाहायचं. मुलांना शंभर वर्षांपूर्वीच्या करामती कळतात, ‘दोरी दिसली, दोरी दिसली’ म्हणून ती ओरडतातही; ओरडू द्या.

मूकपटाची खरी गंमत संगीतात आहे. इंटरनेटवरच्या प्रतीला कोणी अलीकडचं संगीत जोडलेलं असेल तर आवाज बंद करा, ते संगीत त्यांच्या मालकीचं. पेटी, ढोलकी, टाळ घेऊन आपलं भजनी मंडळ पडद्याच्या बाजूला बसवा. सिनेमा त्यांना एकदा आधी दाखवा म्हणजे नाग कुठे येतो ते कळेल. पडद्यावरच्या पाट्या एकाने मोठ्याने वाचाव्यात, मराठीत आणि मग हिंदीत. त्या काळी थिएटरांतही वाजवणारी मंडळी पडद्यापुढेच बसायची, तेव्हा आपण काही अजब करत नाही.

पडद्याला पैसे घालवू नका. हे लूमचं गाव आहे, ग्रे, म्हणजे न रंगवलेलं, कापड कुणाच्या तरी खात्यात नक्की मिळेल. एकपदरी ग्रे आरपार दिसतं, म्हणून दुहेरी शिवून घ्या आणि खालच्या काठात बांबू घाला, नाहीतर वाऱ्यावर श्रीकृष्ण आणि कालिया दोघेही हेलकावे खातील. पडदा वाऱ्याला आडवा नको. संध्याकाळचा वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो; पडद्याची कड त्या बाजूला आणि पाट वाऱ्याला समांतर ठेवा. गाण्याच्या बैठकीला याच वाऱ्याचा उपयोग होतो. गाणाऱ्याची पाठ वाऱ्याकडे आणि ऐकणारे त्याच्या समोर बसले की माईकशिवायही आवाज लांब पोचतो. उलटं बसवलंत तर शेवटच्या ओळीला फक्त ढोलकी ऐकू येते.

दरी पाण्याच्या कडेला अंथरू नका. मोह होतो, पण तिथे किडे, डास आणि धोका तिन्ही जास्त. काठापासून मागे, हिरवळीच्या बाजूला बसा. हिरवळ लवकर निवते. झगझगीत पांढरा दिवा किडे बोलावतो, त्यापेक्षा गणपतीतली पिवळ्या दिव्यांची माळ बरी. वीज रस्त्याच्या खांबावरून ओढायची नाही, हे सांगावं लागतं कारण तसं सर्रास होतं. लग्नात वापरतात तो बॅटरीवरचा चाकांचा स्पीकर एका बैठकीला पुरतो. प्रोजेक्टरसाठी ट्यूशन क्लासवाल्याला विचारा, सुट्टीत त्याचा तो कपाटात असतो.

मुलांच्या खेळांवर मी फार लिहीत नाही. विटी-दांडू गर्दीत नको, डोळे जातात. लगोरी, लंगडी, भोवरा, सागरगोटे, फुगड्या यांना काहीच लागत नाही, आणि गुजराती पोरं लगोरीला सतोडियुं म्हणून आपल्या नियमांनी खेळायला येतात तेव्हा वाद घालण्यात जो अर्धा तास जातो तोही करमणुकीतच धरा.

आकाश मात्र कोणी मोजत नाही, आणि तेच सगळ्यात स्वस्त. मेच्या मध्यावर रात्री साडेआठ-नऊला उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. सप्तर्षी वर, पुढचे दोन तारे ज्याच्याकडे बोट करतात तो ध्रुव खाली. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तितके त्या गावाचे अक्षांश, सुरतेचे एकवीस. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंशांची होते, म्हणजे दोन मुठींवर थोडं वर ध्रुव. मुलांना मुठी मोजायला लावा. सप्तर्षींची शेपूट तशीच वळवत पुढे गेलात की तांबूस स्वाती आणि त्याच्या पुढे पांढरी चित्रा. आग्नेयेला उशिरा वृश्चिक वर येतो, त्याच्या पोटातली लालसर ज्येष्ठा ओळखायला सोपी. सुरतेच्या उजेडात आकाशगंगा दिसणार नाही, पण एवढे तारे दिसतात. हे सांगायला खगोलशास्त्रज्ञ लागत नाही, आदल्या दिवशी पंचांग किंवा मोबाईलवरचं एखादं ॲप पाहून आलेली नववीतली मुलगी पुरते.

याला जोडून दिवसाचाही एक खेळ आहे, तो मात्र तळ्यावर नाही, आपापल्या गच्चीवर. मेच्या शेवटच्या आठवड्यात, २६-२७ तारखेच्या आसपास, सुरतेत सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. साडेबारा ते पावणेएकच्या दरम्यान सरळ उभ्या केलेल्या बाटलीची सावली काही क्षण तिच्या बुडाखाली गडप होते. जळगाव जवळजवळ याच अक्षांशावर, म्हणून तिथेही हे एक-दोन दिवसांच्या फरकाने घडतं. पण जळगाव पूर्वेला असल्यामुळे तिथली दुपार आपल्याआधी सुमारे अकरा मिनिटं होते. गावी गेलेल्या मावसभावाला फोन लावून ठेवा. ‘आमची गेली, तुमची गेली का?’ असं दोन्हीकडून विचारलं की पृथ्वी फिरते हे भूगोलाच्या पुस्तकाशिवाय कळतं. टोपी घाला, पाच मिनिटांत खाली या.

सकाळ रात्रपाळीवाल्यांची. बारा तास लूमच्या खडखडाटात काढून सातला सुटलेला माणूस रात्रीच्या कार्यक्रमाला कधीच येऊ शकत नाही. त्याच्यासाठी सकाळी अर्धा तास तळ्याला फेरी आणि पाखरं. उन्हाळ्यात गायबगळ्याची मान-डोकं नारिंगी होतात, ढोकरीची पाठ गडद तपकिरी-लाल होते. हे विणीचे रंग हिवाळ्यात दिसत नाहीत. खंड्या आणि पाणकावळा जिथे मासा आहे तिथे सापडतात. एका वहीत तारीख आणि पक्षी लिहीत गेलात की महिनाभरात गल्लीची स्वतःची यादी तयार होते. आवाज तेवढा नको, रात्रपाळीवाल्याने तो रात्रभर पुरेसा ऐकलेला असतो.

तळं एकट्या खानदेशी माणसाचं नाही, हे त्याचं नावच सांगतं. कार्तिकातली छठ इथे होते, चैत्रातलीही काही घरं करतात. आपले भोजपुरी शेजारी चैत्रात चैता गातात, ती उन्हाळ्याचीच गाणी. ढोलक आणि झांज घेऊन बसले की उठत नाहीत. आखाजीच्या आधीच्या एखाद्या शनिवारी त्यांना चैता म्हणायला बोलवा आणि नंतर आपल्या बायकांच्या आखाजीला त्यांच्या बायकांना. गुजराती शेजाऱ्यांत डायरा, म्हणजे गाण्या-किश्श्यांची मैफल, रंगवणारा एखादा असतोच. बोलावताना एक पथ्य पाळा: त्यांना ‘पाहुणे कलाकार’ म्हणून शेवटची दहा मिनिटं देऊ नका. एक पूर्ण संध्याकाळ द्या आणि त्या दिवशी दरी आपण अंथरा.

परवानगीचं काम कंटाळवाणं पण एकदाच करायचं. महापालिकेच्या झोन ऑफिसला एक पानाचा अर्ज द्यायचा, गुजरातीत लिहिलेला बरा. त्यात वार, वेळ, अंदाजे माणसं, जागा नेमकी कुठली, स्पीकर आहे की नाही, आणि नंतर जागा आम्ही झाडून देऊ हे वाक्य. प्रत्येक बैठकीचा वेगळा अर्ज करू नका, पूर्ण टप्प्याची यादी एकदम जोडा. स्पीकर लावणार असाल तर पोलिस स्टेशनची लेखी परवानगी वेगळी. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. कायद्यातली रात्र दहाला सुरू होते. शिक्का मारलेली प्रत कार्यक्रमाच्या वेळी खिशात ठेवा, मोबाईलमधला फोटो रखवालदाराला पटत नाही. संस्था नोंदलेली नसेल तर एखाद्या गणेश मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज करा.

नगरसेवकाला कळवा, कारण अर्ज अडला तर तोच सोडवतो. तो येणारही. आला तर आनंदाने दरीवर पहिल्या ओळीत बसवा. खुर्ची, शाल, नारळ, सत्कार यांतलं काही नाही, आणि हे सगळ्यांना सारखं लागू आहे असं आधीच सांगून ठेवलं की कुणी रुसत नाही. पैशाचंही तसंच. तिकीट नाही, पेटी फिरवायची नाही, बिल्डरचा बॅनर नाही. कोणाला मदत करायचीच असेल तर पाण्याचे जार पाठवा म्हणावं, नाव न लिहिता. बॅनर आला की पुढच्या वर्षी कार्यक्रम त्याच्या मर्जीने होतो, हे आपण गणपतीत पाहतोच आहोत.

खाणं घरचं. पन्हं, ताक, कांदा-पोहे, चुरमुरे. थर्माकोलच्या प्लेटा आणू नका, घरून वाटी-पेला आणा आणि परत न्या. १९९४च्या प्लेगनंतर या शहराने स्वच्छतेचा जो धसका घेतला तो अजून टिकून आहे, स्वच्छ सर्वेक्षण २०२३मध्ये सुरत इंदूरच्या जोडीने पहिली आली. तळ्याकाठी एका संध्याकाळचा कचरा राहिला की दुसऱ्या अर्जावर शिक्का मिळत नाही. उठताना प्रत्येकाने आपल्या बसल्या जागेभोवतीचं उचलायचं, आणि शेवटी पाच पोरांनी पोतं घेऊन एक फेरी. पोतं घरी न्यायचं नाही, बागेबाहेरच्या कचऱ्याच्या गाडीची वेळ विचारून ठेवा.

सुरक्षिततेत कुचराई नको. पाण्याच्या बाजूला दोन मोठी माणसं पूर्ण वेळ उभी हवीत, मोबाईल खिशात ठेवून. दर अर्ध्या तासाने माणसं बदला. पाच वर्षांखालच्या मुलाच्या मनगटावर पेनाने आईचा नंबर लिहा. हरवलेलं मूल कुठे आणायचं ती जागा सुरुवातीलाच दाखवा, दिव्याच्या माळेखाली असली तर उत्तम. उकाड्याने कोणी गरगरलं तर सावकाश आडवं करा, कपडे सैल करा, मानेवर-काखेत ओलं फडकं ठेवा. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपू लागली तर पाणी पाजत बसू नका, १०८ला फोन करा. बायका-मुलींना कोणी त्रास दिला तर गुजरातेत १८१ ही अभयम हेल्पलाइन आहे. हे दोन नंबर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून खांबाला टांगा. परतताना गल्लीतल्या बायका एकत्र निघतील असं पाहा, आणि निघायची वेळ पावणेदहाच ठेवा.

जूनच्या मध्याला पाऊस येतो. पहिली सर पडली की सामान उचलायला आधीच गडी ठरवून ठेवा, कारण स्पीकर आणि पेटी भिजली तर ती दुसऱ्याची असते. दऱ्या दोन दिवस कडक उन्हात वाळवूनच मंडळाला परत करा, ओल राहिली तर गणपतीत उघडताना वास येतो आणि पुढच्या वर्षी त्या मिळत नाहीत. परवानगीच्या प्रती, कुणाकडून काय आणलं त्याची यादी, गाणाऱ्या बायकांची नावं आणि पक्ष्यांची वही एका पिशवीत घाला. ‘श्यामची आई’च्या सगळ्या रात्री एका उन्हाळ्यात होणार नाहीत; जिथे थांबलात त्या पानावर खूण करून पुस्तकही त्याच पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी पुढच्या एप्रिलपर्यंत कोणाच्या घरी राहणार ते दरी गुंडाळण्याआधीच ठरवा.